हात मागे बांधून उभे राहिलात, त्याबद्दल

सप्रेम नमस्कार,

तुमचं नाव वाचनालयाच्या नोंदवहीत आहे, पण न विचारता इथे घालत नाही. आजींची कादंबरी परत करायला आला होतात आणि मी काळ्या स्क्रीनसमोर डोकं धरून बसले होते, एवढ्यावरून ओळखाल.

पुस्तकसूचीसाठी आम्ही रास्पबेरी पाय ५ घेतला. पत्त्यांच्या जोडाएवढ्या बोर्डावरचा अख्खा संगणक, विजेला काटकसरी. संगणक चालवणारं लिनक्स सुरळीत बसलं, पण सूचीत शोध घेणारा प्रोग्राम चालू केला की लगेच मान टाकायचा. दुकानदार म्हणाला, बोर्ड गेलाय, नवा घ्या. दुसऱ्या एका जाणकारानं मेमरी कार्ड पुसून सगळं तीनदा नव्यानं टाकलं आणि जाताना 'मॅडम, हे तुम्हाला नाही जमायचं' एवढं ऐकवून गेला. तिन्ही वेळा स्क्रीनवर तीच एक ओळ होती. ती कुणी वाचलीच नाही. खरं सांगायचं तर मीही नाही. आणि म्हणे मी ग्रंथपाल!

तुम्ही ती मोठ्यानं वाचलीत: 'अनसपोर्टेड सिस्टीम पेज साइज', म्हणजे मेमरीच्या पानाचं हे माप चालत नाही. मग पानाचं माप विचारणारी आज्ञा मला टाईप करायला लावलीत. उत्तर आलं, १६३८४ बाइट, म्हणजे १६ केबी. या पायचा नेहमीचा कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, मेमरीचे तुकडे, म्हणजे पानं, १६ केबीची पाडतो, त्यानं काही कामं भराभर होतात. पण आमचा प्रोग्राम ४ केबीचं पान धरून बांधलाय, म्हणून तो अडून बसतो, असं तुम्ही सांगितलंत. पानांची भाषा मला कळते. ४ केबीचा कर्नल तर त्याच कार्डावर पहिल्यापासून होता! सेटिंगच्या कॉन्फिग फाइलीत 'कर्नल८'ची, म्हणजे त्या ४ केबीवाल्या कर्नलची, एक ओळ घातली, मशीन पुन्हा चालू केलं, आकडा आला ४०९६, आणि सूची उघडली.

पण माझ्या लक्षात राहिलंय ते वेगळंच. ती ओळ मी दोन बोटांनी टाईप करत होते, तेव्हा तुम्ही हात मागे बांधून उभे होतात. एक अक्षर गाळलं, तरी कीबोर्ड ओढून घेतला नाहीत. 'पुन्हा एकदा बघा' म्हणालात आणि थांबलात. आधीच्या दोघांनी मला खुर्चीतून उठवलं होतं. माहीतगार माणसं पुष्कळ भेटतात हो, पण समोरच्याला वेळ देणारी फार थोडी. तुमच्या घरच्यांना माझा नमस्कार सांगा, हे वळण कुठून तरी आलंच असणार.

ती ओळ कशासाठी आहे, ते मी चिठ्ठीवर लिहून पायच्या डब्याच्या झाकणाला आतून चिकटवलंय. उद्या कुणी शहाणा ती पुसायला नको.

आणि हो, त्या गडबडीत आजींच्या पुस्तकाचा उशिराचा दंड भरून गेलात, सहा रुपये. पावती टेबलावरच राहिली. येऊन घेऊन जा.

तुमची,
वाचनालयातली मॅडम