मन्या, बॉसला आत्ताच पळवू नकोस

मन्या,

तुझा मेसेज वाचला आणि म्हटलं याला नुसता अंगठ्याचा इमोजी टाकून भागणार नाही, नीट बसून लिहायला पाहिजे. डॉक्टरांनी शुगर बॉर्डरवर सांगितली, तू दुसऱ्या दिवशी महागडे बूट घेऊन आलास, आणि आता पाच महिन्यांच्या बॉसला, तुझ्या लॅब्रेडॉरच्या पिल्लाला, घेऊन सिंहगड रोडवर रोज पाच किलोमीटर पळायचं म्हणतोस. तुझा उत्साह मला कॉलेजपासून माहितेय, म्हणून आधी ब्रेक लावतो, बाकीचं नंतर.

बॉसला आत्ता पळवायचं नाही. लॅबची हाडं पूर्ण वाढायला साधारण १२ ते १८ महिने जातात, तोवर हाडांच्या टोकाला जो कुर्चेचा मऊ भाग असतो तो कडक झालेला नसतो, आणि डांबरी रस्त्यावर एका स्पीडने सलग पळवलं की दणके बरोबर तिथंच बसतात. त्यात लॅब लोकांत खुब्याचा त्रास आधीच कॉमन. त्याला गवतात हुंदडू दे, बॉल खेळव, मधेच बसला तर बसू दे. जिनेपण सारखे चढवू नकोस. तुला पर्वतीच्या १०३ पायऱ्या चढायच्या असतील तर खुशाल चढ, पण एकटा.

आता तुझं. कुत्रं फिरवलं म्हणजे आपला व्यायाम झाला असं बरेच जण धरून चालतात, आणि मग सहा महिन्यांनी वजन तेवढंच का म्हणून विचारतात. आमची चटणी (गावठी, तुझा सॉक्स खाणारी, तीच) गेटबाहेर पडली की प्रत्येक खांब, प्रत्येक टायर, प्रत्येक झुडूप, अर्धा तास झाला तरी आपल्याला घाम म्हणून नाही. पण तिला ओढत न्यायचं मला पटत नाही, कारण वास घेण्यात तिचं डोकं दमतं, मग घरी येऊन गपगार झोपते, आणि ज्या दिवशी मी घाईत उरकतो त्या दिवशी एखादी उशी गेलीच समज. म्हणून दोन भाग केलेत. आधी दहा-पंधरा मिनिटं ती म्हणेल तिकडे, नंतर पट्टा आखूड धरून सलग झपाझप, थांबायचं नाही. आता पट्टा आखूड झाला की तिलाच कळतं. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते, आणि मध्यम म्हणजे चालताना बोलता येतं पण गाता येत नाही. तू तसाही गाऊ नकोस. रोज बावीस-पंचवीस मिनिटं झपाझप धरलीस की हिशोब बसतो. फक्त बॉस एवढा लहान असताना ती झपाझप फेरी त्याला घरी सोडून आल्यावर मार, त्याची वासाची फेरी वेगळी. वर्ष-दीड वर्षाचा झाला, व्हेटने, म्हणजे जनावरांच्या डॉक्टरने, पाय बघून हो म्हटलं, की हार्नेस घालून थोडं पळ थोडं चाल असं सुरू करा दोघं.

उन्हाचं मात्र सिरियसली घे. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, धापा टाकूनच ते स्वतःला गार करतं, आणि पुण्यात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो. हाताची मागची बाजू रस्त्यावर पाच-सात सेकंद टेकवून बघ, तुला सोसवत नसेल तर त्याच्या पंजांनाही सोसणार नाही. धापा थांबेनात, लाळ घट्ट झाली, हिरड्या लालभडक, चालताना झोकांड्या, यातलं काहीही दिसलं तर सावलीत ने, अंगावर साधं पाणी ओत, वारा घाल आणि तडक व्हेट, थोडा वेळ बघू वगैरे नाही.

पावसाळ्यात वेगळी कटकट. टेकडीवरून आलं की कानात, बोटांच्या बेचक्यात, शेपटीखाली गोचीड शोधायची, टिक फीवर फार वाईट, कुत्रं खाणं सोडून कोपरा धरतं. डबक्यातलं पाणी पिऊ द्यायचं नाही आणि लेप्टोची (अशा साचलेल्या पाण्यातून होणाऱ्या आजाराची) लस राहिली असेल तर ती त्याला दे. रेबीजचं तर सांगायलाच नको, दरवर्षी. महापालिकेचं लायसन्सपण काढून टाक एकदाचं.

जागा विचारलीस. तुला तळजाई जवळ आहे, पण मला विचारशील तर वेताळ टेकडी, मातीची पायवाट असल्याने तुझ्या गुडघ्यांनाही बरी आणि त्याच्या पंजांनाही. पट्टा सोडायचा नाही हं, तिथे मोर आहेत, आणि मोर दिसला की बॉसला तू आठवणार नाहीस. वाटेत गल्लीतल्या कुत्र्यांची टोळी आडवी आली तर पळू नकोस, ओरडू नकोस, पट्टा आखूड धरून सरळ चालत राहा, त्यांची हद्द संपली की ती मागे वळतात. पिशवी खिशात ठेव, घाण उचलायला लाजू नकोस, नाहीतर उगाच आपल्या सगळ्यांना बोलणी बसतात.

रविवारी सकाळी सहाला एआरएआय संस्थेच्या बाजूने वेताळ टेकडीवर ये. बॉसला आधी खायला घालू नकोस, परत गेल्यावर शांत झाला की मग घाल. पाणी आणि एक वाटी आण. वहिनींना सांग नाश्ता माझ्याकडे, आणि पोहेच आहेत, शुगरच्या नावाखाली मिसळ मागायची नाही.

तुझा,
पक्या