अदलाबदलीच्या मूत्रपिंडाची माहिती द्या

मा. संपादक,

मार्च २०२४ मध्ये बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलात ६९ जनुकीय बदल केलेले डुकराचे मूत्रपिंड जिवंत रुग्णाला बसवण्यात आले. तो सुमारे दोन महिन्यांनी दगावला, तरी ही झेप लहान नव्हे. माझ्या पत्नीचे डायलिसिस मात्र आठवड्यातून तीनदा, चार-चार तास चालते, आणि तिच्या हातातील फिस्टुलाची (डायलिसिससाठी धमनी आणि शीर जोडून केलेल्या जोडाची) थरथर बोटांना लागली की रक्त नीट वाहते आहे म्हणून आम्हाला हायसे वाटते. तिला मूत्रपिंड द्यायला माझा रक्तगट जुळला नाही. ज्यांचा दाता आपल्याच रुग्णाशी जुळत नाही, अशा दोन कुटुंबांना दात्यांची अदलाबदल करण्याची मुभा १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यात २०११ च्या दुरुस्तीने मिळाली, हे मला वर्षभर कोणी सांगितलेच नाही. विभागीय प्रत्यारोपण समन्वय समित्यांनी याचा साधा मराठी फलक तालुक्याच्या प्रत्येक डायलिसिस केंद्रात लावावा.

– एक वाचक, सातारा