मोडीच्या वर्गातील सरांना जाहीर आभारपत्र

आदरणीय सर,
सप्रेम नमस्कार.

आपण माझ्या धाकट्या मुलाच्या वयाचे आहात, तरीही ‘सर’ याखेरीज दुसरे संबोधन मला सुचत नाही. साताऱ्यात निवृत्त मंडळींसाठी आपण दर शनिवारी मोडी लिपीचा वर्ग घेता. त्या वर्गाबद्दलचे आभार मनातल्या मनात न ठेवता चारचौघांसमोर मांडावेत, म्हणून हे पत्र उघडपणे लिहीत आहे.

एसटीच्या लेखा शाखेतून २०१६ साली मी निवृत्त झाले. त्यानंतर ज्येष्ठांसाठी असलेल्या एका अभ्यासवर्गाला मी हौसेने नाव घातले होते. तिथे आमच्यासाठी टाळ्या होत्या, चहा होता आणि शेवटी प्रत्येकाला प्रमाणपत्रही होते. पण चार महिन्यांत माझी एकही चूक कोणी दाखवली नाही. ‘या वयात येता हेच खूप आहे,’ हे वाक्य तिथे इतक्या वेळा कानांवर पडले की मी जाणेच बंद केले. शिकायला आलेल्या माणसाकडून काहीच अपेक्षा न ठेवणे हा त्याचा मान नव्हे, असे मला तेव्हा वाटले आणि आजही वाटते.

आपण पहिल्याच दिवशी माझ्या वहीवर लाल शाईने सात खुणा केल्यात. आमच्या डोळ्यांची काळजी घेऊन आपण कागदांच्या मोठ्या छायाप्रती काढून आणता, गुडघ्यांची काळजी घेऊन वर्ग तळमजल्यावर भरवता. मात्र कागद सोपा करून कधीच देत नाही. आधी ओळभर रेघ ओढून तिच्याखाली सलग लिहीत जायचे, शब्दांत जागा सोडायची नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, त्यामुळे ‘दिन’ की ‘दीन’ हे संदर्भावरून ठरवायचे, हे सारे आपण आमच्याकडून बोटांना रग लागेपर्यंत गिरवून घेतलेत. जुन्या कागदातले ‘दिल्हे’ मी ‘दिले’ असे सुधारून वाचले, तेव्हा आपण म्हणालात, “कागदात आहे ते वाचा, आपल्याला बरोबर वाटते ते नको.” ३४ वर्षे हिशेब तपासलेल्या बाईला हे कोणी सांगावे लागले याचा मला राग आला नाही, उलट, आपण मला खरोखर विद्यार्थिनी समजता याचा आनंद झाला.

पुण्याची सहलही विसरण्यासारखी नाही. इतिहासाचार्य राजवाड्यांच्या पुढाकाराने १९१० साली स्थापन झालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळात आपण आम्हाला नेलेत. पेशवे दफ्तरातले असंख्य कागद आजही वाचले जाण्याची वाट पाहत रुमालांत बांधलेले आहेत, हे परतीच्या गाडीत आपण सांगितलेत, तेव्हा आमच्यातल्या ७८ वर्षांच्या काकांनी “मग घाई करायला हवी,” असे म्हणून तिथेच वही उघडली.

परंतु या पत्राचे खरे कारण आमच्या ट्रंकेतला कागद आहे. १९३१ सालचे ते खरेदीखत आता घरात कोणालाच वाचता येत नव्हते. ओढ्याकाठचे शेत थोरल्या चुलत्यांनी उधळपट्टीत घालवले, असे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो होतो. वर्गात ते वाचताना शेवटच्या ओळीत नावापाशी एक लहानसे वर्तुळ आले आणि मी ते पूर्णविराम समजून पुढे निघाले. आपण थांबवलेत. “मोडीत विरामचिन्हे नसतात, मग हे काय असेल?” असे विचारून आपण गप्प राहिलात आणि वर्गातही कोणाला बोलू दिले नाहीत. पाच मिनिटे तरी गेली असतील. मग मी नाव पुन्हा वाचले. ते माझ्या आजीचे होते, पुढे ‘निशाणी बांगडी’ अशी अक्षरे होती, आणि ते वर्तुळ म्हणजे लिहिता न येणाऱ्या त्या विधवा बाईने सहीच्या जागी काढलेली बांगडी होती. शेत तिनेच विकले होते. कारण म्हणून ‘देणे वारण्याकरिता व मुलाचे शाळेकरिता’ असे लिहिलेले होते. तो मुलगा म्हणजे माझे वडील. ते दुधाचा हिशेब शेवटपर्यंत मोडीतच लिहीत, म्हणजे हा कागद त्यांना सहज वाचता येत होता. तो त्यांनी आम्हाला कधीच वाचून दाखवला नाही.

उत्तर आपण लगेच सांगून टाकले असते तर मला माहिती मिळाली असती, पण आजी अशी भेटली नसती. त्या पाच मिनिटांसाठी मी आपली ऋणी आहे. चुलत्यांच्या मुलांनाही मी ते खत वाचून दाखवले. थोरली चुलतबहीण बराच वेळ त्या वर्तुळावर बोट ठेवून बसली होती.

त्याच ट्रंकेत आणखी एक जुना कागद निघाला आहे. त्यावर रमजान महिन्याची तारीख आहे आणि जंत्रीवरून, म्हणजे जुन्या तारखा आजच्या तारखांशी जुळवण्याच्या कोष्टकावरून, तिचा मेळ मी माझी मीच लावला आहे. येत्या शनिवारी घेऊन येते. लाल शाईचे पेन जवळ असू द्यावे.

आपली विद्यार्थिनी,
मागच्या बाकावरची, खिडकीजवळची