जहाज अडवा, पण खलाशाला घरी जाऊ द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

तांबड्या समुद्रातल्या जहाजांविषयी आपल्या दैनिकात येणारा मजकूर मी नेमाने वाचतो. विम्याचे चढलेले दर, आफ्रिकेला वळसा घातल्यामुळे वाढलेले दिवस, मालाची किंमत, सगळे त्यात असते. माणसांबद्दल मात्र एखादीच ओळ. आमच्या भागात कितीतरी घरांतली मुले बोटीवर आहेत, म्हणून हे पत्र.

युद्धात तटस्थ देशाचे जहाज अडवून झडती घेण्याचा हक्क लढणाऱ्या देशाला आहे, आणि तो मला मान्य आहे. १८५६ च्या पॅरिस जाहीरनाम्याने तटस्थ झेंड्याखालच्या शत्रूच्या मालालाही संरक्षण दिले. अपवाद फक्त युद्धनिषिद्ध मालाचा, म्हणजे शत्रूला लढाईत उपयोगी पडेल अशा मालाचा. संशय आला तर जहाज बंदरात न्यायचे आणि प्राइझ कोर्टापुढे, म्हणजे पकडलेल्या जहाज-मालाचा निवाडा करणाऱ्या न्यायालयापुढे, उभे करायचे, असा रिवाज. १९१५ साली ब्रिटिश प्राइझ कोर्टात ‘किम’ आणि आणखी तीन स्कँडिनेव्हियन जहाजांचा खटला चालला. त्यांत कोपनहेगनसाठी इतकी डुकराची चरबी भरली होती, की ती डेन्मार्कच्या वर्षभराच्या आयातीच्या तेरापट भरली. माल पुढे जर्मनीलाच जाणार, असा निष्कर्ष न्यायाधीश सॅम्युअल इव्हान्स यांनी काढला. निकालावर तेव्हा टीका झाली. पण युक्तिवाद झाले, आकडे मांडले गेले, आणि फैसला झाला तो मालाचा.

अशी झडती मी स्वतः पाहिली आहे. इराण-इराक युद्धात, १९८६ साली, मी एका परदेशी मालवाहू बोटीवर सेकंड ऑफिसर होतो. कुवेतकडे जाताना होर्मुझच्या सामुद्रधुनीजवळ इराणी युद्धनौकेने रेडिओच्या चॅनल १६ वर नाव, झेंडा, मागचे बंदर, पुढचे बंदर विचारले आणि थांबायला सांगितले. पायलट लॅडरने (दोराच्या शिडीने) एक तरुण लेफ्टनंट आणि काही शिपाई वर आले. चार्टरूमच्या टेबलावर मॅनिफेस्ट, म्हणजे मालाची यादी, पसरून तो एकेका ओळीवर बोट ठेवत खाली गेला. ‘मशिनरी पार्ट्स’पाशी थांबला. दोन नंबरचा हॅच (मालाच्या कोठाराचे झाकण) उघडायला लावला, दोन पेट्या फोडल्या. निघाले पाण्याच्या पंपाचे सुटे भाग. पेट्या त्याने आपल्याच शिपायांकडून पुन्हा ठोकून घेतल्या, लॉगबुकात सही केली आणि गेला. त्याच वर्षी जानेवारीत अमेरिकेच्या ‘प्रेसिडेंट टेलर’ या मालवाहू जहाजाची इराणने अशीच झडती घेतली, तेव्हा लढणाऱ्या देशाला असा हक्क असतो हे अमेरिकेनेही नाकारले नाही. (त्याच युद्धात इराणच्या आखातात दोन्ही बाजूंनी तटस्थ टँकरांवर क्षेपणास्त्रेही डागली आणि खलाशी मारले. त्याला कसलेही समर्थन नाही.)

आता ‘गॅलक्सी लीडर’ पाहा. बहामाचा झेंडा, मोटारी वाहून नेणारे जहाज, तुर्कस्तानहून आपल्या गुजरातेतल्या पिपावावकडे रिकामे निघालेले. १९ नोव्हेंबर २०२३ रोजी येमेनमधल्या हुथी बंडखोरांनी तांबड्या समुद्रात हेलिकॉप्टरमधून उतरून ते ताब्यात घेतले. कारण दिले मालकाच्या इस्रायली संबंधांचे. जहाजात मालच नाही, तर निषिद्ध माल कुठून येणार? तरीही फिलिपिन्स, बल्गेरिया, युक्रेन, रोमानिया, मेक्सिकोचे पंचवीस खलाशी सुटले ते २२ जानेवारी २०२५ रोजी. चौदा महिने!

१९०७ च्या हेगच्या अकराव्या करारानुसार, पकडलेले जहाज शत्रूचे असले तरी त्यावरच्या तटस्थ देशाच्या खलाशांना युद्धकैदी करता येत नाही. तटस्थ देशाच्या कप्तान व अधिकाऱ्यांनी युद्ध संपेपर्यंत शत्रूच्या जहाजावर काम न करण्याचे लेखी वचन दिले, की त्यांनाही सोडायचे. मग तटस्थ जहाजावरच्या माणसांना डांबणे कोणत्या नियमात बसते?

आणखी एक गोष्ट घरच्यांना सहसा ठाऊक नसते. खलाशांच्या हक्कांविषयीच्या आंतरराष्ट्रीय सागरी कामगार करारात (एमएलसी) २०१८ साली दुरुस्ती झाली. खलाशी ओलीस असेतो त्याचा नोकरीचा करार चालू राहतो आणि पगारही देणे लागते. पण ही तरतूद चाचेगिरी आणि जहाजांवरील सशस्त्र दरोडा यांपुरतीच आहे. एखाद्या सरकारने ‘जप्ती’ म्हणून जहाज नेले, तर कराराची मुदत संपल्यावर पगार द्यायचा की नाही यावर वाद घालायला मालक मोकळा. घरी बँकेचा हप्ता तर दर महिन्याला येतोच.

भारताने हा करार २०१५ सालीच स्वीकारला आहे. जगभरच्या जहाजांवर आपले लाखो खलाशी आहेत. तेव्हा ही तरतूद युद्धातल्या आणि सरकारी जप्तीलाही लागू व्हावी, असा प्रस्ताव भारतानेच जिनिव्हात आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेपुढे मांडावा, आणि कोकणातल्या खासदारांनी तो येत्या अधिवेशनात उचलून धरावा. आपणही अशा जहाजाची बातमी छापताना त्यावर भारतीय किती, ते कुठे आहेत, त्यांचे घरच्यांशी बोलणे झाले का, एवढे जरूर विचारून छापावे, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त चीफ ऑफिसर
दाभोळ, जि. रत्नागिरी