पॉइंटांआधी शुल्क बघा

मा. संपादक,

मी विद्यार्थिनी आहे. सुट्टी लागली की पाठीला सॅक लावून परदेशात भटकते. पहिले क्रेडिट कार्ड मी स्वागताच्या पॉइंटांना, म्हणजे कार्ड घेतल्यावर मिळणाऱ्या बक्षीस-गुणांना, भुलून घेतले. सहलीनंतर बिल उघडले तर हॉस्टेल, रेल्वे, संग्रहालयाचे तिकीट, प्रत्येक ओळीखाली परकीय चलनाचे शुल्क! बऱ्याच कार्डांवर ते ३ टक्क्यांच्या आसपास असते. माझे पॉइंट खर्चाच्या जेमतेम १ टक्का किमतीचे. एक मिळवायला तीन घालवले. त्यातच एका दुकानातल्या मशीनने ‘तुमच्या देशाच्या चलनात पैसे देणार?’ असे विचारले आणि मी ‘हो’ दाबले. तो चलन बदलण्याचा दर बहुधा महागच पडतो, स्थानिक चलनच निवडावे. कार्डावर रोख काढली तर व्याज बहुतेक त्याच दिवसापासून चढते, हेही तेव्हाच कळले.

आता वार्षिक आणि परचलन, दोन्ही शुल्के नसलेले साधे कार्ड वापरते आणि बिल दरमहा पूर्ण भरते; थकबाकीवरचे व्याज सगळे पॉइंट गिळते. बँकांनी जाहिरातीत पॉइंट ज्या टायपात छापतात, त्याच टायपात हे शुल्कही छापावे, ही कळकळीची विनंती.

— एक विद्यार्थिनी