सोचा नदीकाठाहून

लुब्लियाना, स्लोव्हेनिया, 3 ऑगस्ट

ती. आई-बाबांस शि. सा. नमस्कार.

शनिवार-रविवार जोडून सुट्टी मिळाली म्हणून सोचा नदी पाहून आले. बाबा, तुमची नोकरी पेंचच्या कालव्यांवर गेली, म्हणून हे सविस्तर तुम्हालाच.

ज्युलियन आल्प्समध्ये त्रेंताच्या खोऱ्यात, कड्यातल्या कपारीतून ही नदी निघते. डोंगर सगळा चुनखडीचा. पाणी हिरवट-निळं आणि इतकं नितळ की तळाचे पांढरे गोटे मोजून घ्यावेत. हात घातला तर ऐन ऑगस्टमध्ये बोटं बधिर झाली. आपल्याकडे वर्षाला जेमतेम 1100 मिलिमीटर पाऊस. इथल्या डोंगरांत काही ठिकाणी 3000 च्या वर. नदीची एकूण लांबी 138 किलोमीटर, शेवटचा टप्पा इटलीत, मग एड्रियाटिक समुद्र.

आणि याच पाण्याकाठी 1915 ते 1917 या काळात इटली आणि ऑस्ट्रिया-हंगेरी यांच्यात 12 लढाया झाल्या! इटालियन लोक नदीला इसोन्झो म्हणतात, म्हणून इतिहासात त्या इसोन्झोच्या लढाया. शेवटची 24 ऑक्टोबर 1917 ला सुरू झाली. विषारी वायू सोडून कोबारिद गावाजवळ इटालियन फळी फोडली. कोबारिदच्या वर टेकडीवर 7000 हून जास्त इटालियन सैनिकांच्या अस्थी ठेवल्यात. एका शेताच्या कुंपणाला पिळाचे गंजके लोखंडी खुंट दिसले. खंदकांपुढची काटेरी तार ताणायचे ते. वरती घेवड्याचा वेल चढला होता. मला तिथून पाय काढवेना.

तरी पहिलं महायुद्ध संपल्यावर हे खोरं इटलीकडे, मग युगोस्लाव्हियाकडे, 1991 पासून स्लोव्हेनियाकडे. खालच्या अंगाला इटालियन राजवटीतच वीजनिर्मितीसाठी धरणं झाली. वरच्या अंगालाही बेत होते, पण लोकांनी विरोध केला, आणि 1976 मध्ये सोचा आणि तिच्या उपनद्यांसाठी खास संरक्षणाचा कायदाच झाला. तोतलाडोहच्या पाण्यावर आपलं नागपूर जगतं, त्यामुळे धरणाला मी नावं ठेवणार नाही. पण एक तरी नदी अशी मोकळी ठेवावी, असं तिथे फार वाटलं.

एक विचारायचंय. पुरात हे गोटे खाली सरकत राहतात, त्यांच्याच फटींत इथला मार्बल ट्राउट मासा अंडी घालतो. वर धरण झालं असतं तर गोटे भिंतीमागेच अडकले असते ना? आणि खालचा तळ खरवडला गेला असता? रविवारी फोनवर नीट समजावून सांगा.

आई, मेथीचे ठेपले आणि सांडग्या मिरच्या पोचल्या.

तुमची,
मनू