जुना लॅपटॉप भंगारात देण्याआधी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

विंडोज १० ची नेहमीची सुरक्षा अपडेट्स १४ ऑक्टोबर २०२५ रोजी बंद झाली. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि साधारणपणे आठव्या पिढीपासूनचा इंटेल प्रोसेसर लागतो. त्यामुळे २०१५-१६ चे धडधाकट लॅपटॉप आता किलोच्या भावाने विकले जात आहेत. कृपया ते विकू नका. ८ जीबी रॅम आणि एक एसएसडी असेल, तर त्यावर डेबियन १३ ही लिनक्स प्रणाली टाकून घरातल्या सगळ्यांच्या फोनमधले फोटो आपल्याच डिस्कवर ठेवणारा सर्व्हर आरामात चालतो.

डॉकर (प्रोग्रॅम वेगळ्या कप्प्यात चालवणारं साधन) आणि त्यावर इमिच (फोटो साठवणारा सर्व्हर प्रोग्रॅम) कसं बसवायचं याच्या सूचना भरपूर मिळतात. खरी अडचण त्यानंतर सुरू होते, आणि तिच्याबद्दल फार कमी बोललं जातं.

आधी विजेचं. लॅपटॉप नुसता चालू असताना दहाएक वॅट घेतो, म्हणजे महिन्याला सात-साडेसात युनिट. जुना डेस्कटॉप ४०-५० वॅट खातो. तिथे हाच आकडा तीस-पस्तीस युनिटवर जातो. शिवाय लॅपटॉपची बॅटरी म्हणजे फुकटचा यूपीएस. ती कायम १०० टक्के भरलेली राहिली की लवकर खराब होते, म्हणून सोय असेल तिथे चार्जिंगची मर्यादा ८० टक्क्यांवर ठेवावी. टचपॅड वर उचललेला दिसला तर बॅटरी फुगली आहे असं समजून ती त्याच दिवशी काढून टाकावी. झाकण मिटल्यावर यंत्र झोपी जाऊ नये यासाठी लॉगइनडी (लिनक्समध्ये झाकण-बटणांकडे लक्ष ठेवणारी सेवा) च्या कॉन्फिग फाइलमध्ये 'हँडल लिड स्विच' पुढे 'इग्नोर' लिहावं लागतं.

सगळ्यात जास्त घात होतो तो बाहेरून जोडलेल्या यूएसबी डिस्कमुळे. एफएसटॅबमध्ये (कोणती डिस्क कुठे जोडायची ते सांगणाऱ्या फाइलमध्ये) डिस्क 'एसडीबी' या नावाने लिहिली, तर पुढच्या रीबूटला तीच 'एसडीसी' होऊ शकते. म्हणून तिथे यूयूआयडीच, म्हणजे डिस्कचा न बदलणारा ओळख क्रमांकच, हवा. सोबत 'नोफेल' (डिस्क नसली तरी पुढे जा) लिहिलं नाही आणि डिस्क सापडली नाही, तर यंत्र दीड मिनिट वाट पाहून इमर्जन्सी मोडमध्ये अडकतं आणि एसएसएचने (दुसऱ्या संगणकावरून नेटवर्कमार्गे) आत जाता येत नाही. पण 'नोफेल' लिहिलं की वेगळाच धोका उभा राहतो. डिस्क माउंट झालीच नाही, म्हणजे तिच्या फोल्डरशी जोडली गेलीच नाही, तरी त्या जागी रिकामा फोल्डर असतोच. नवे फोटो त्यात, म्हणजे मूळ एसएसडीवर, साठू लागतात आणि ती भरली की डेटाबेससकट सगळं ठप्प होतं. यावर उपाय एका ओळीचा आहे: डिस्क काढलेली असताना त्या रिकाम्या फोल्डरवर 'सीएचएटीटीआर' या आदेशाने 'अधिक आय' (बदल करता न येण्याचा) गुण लावावा. मग डिस्क नसताना तिथे रूटलाही (सर्वाधिकार असलेल्या खात्यालाही) लिहिता येत नाही, आणि डिस्क माउंट झाल्यावर काहीच अडत नाही.

बॅकअपमध्ये हीच चूक सगळं बुडवते. रात्री क्रॉनमधून (ठरल्या वेळी काम चालवणाऱ्या सेवेतून) आरसिंक, म्हणजे एका डिस्कची नक्कल दुसरीवर करणारा प्रोग्रॅम, 'डिलीट' (मूळ जागी नाही ते नकलेतूनही पुसा) पर्यायासह चालत असेल आणि मूळ डिस्क माउंट झाली नसेल, तर आरसिंक रिकामा फोल्डर पाहून दुसऱ्या डिस्कवरचे फोटो निमूटपणे पुसून टाकतं. म्हणून आदेशाच्या आधी 'माउंटपॉइंट' या आदेशाने दोन्ही डिस्क तपासाव्यात आणि त्या जागेवर असतील तरच आरसिंक चालवावं. फोटोंबरोबर डेटाबेसचा डंपही (पूर्ण नक्कलही) घ्यावा. अल्बम आणि चेहऱ्यांची नावं तिथे असतात.

बाहेरून पोहोचण्याचं म्हणाल, तर राउटरच्या वॅन (इंटरनेट जोडणीच्या) पानावरचा पत्ता पाहावा. तो १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशानेही सुरू होत असेल, तर तुम्ही सीजीनॅटमागे आहात, म्हणजे इंटरनेट कंपनी एकच पब्लिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटते. मग पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरची विनंती राउटरवरून सर्व्हरकडे वळवणं) कितीही केलं तरी उपयोग नाही, टेलस्केल ही खासगी जोडणी देणारी सेवा वापरावी. स्वतःचा पब्लिक पत्ता असला तरी इमिचचं २२८३ पोर्ट थेट उघडू नये. वायरगार्ड या व्हीपीएनचं (सुरक्षित खासगी जोडणीचं) एक यूडीपी पोर्ट पुरे.

आणखी एक गोष्ट, जिच्याकडे हौशी मंडळी हमखास दुर्लक्ष करतात. घरात हे सांभाळणारं माणूस एकच असतं. ते नसलं तरी बाकीच्यांना फोटो उघडता यायला हवेत. इमिच मुळात फाइलींना अगम्य लांबलचक नावं देतं. सेटिंगमधलं 'स्टोरेज टेम्प्लेट' चालू केलं की फोटो वर्षवार फोल्डरमध्ये मूळ नावाने राहतात. बॅकअपची डिस्क एक्सफॅट या प्रकारात फॉरमॅट केलेली ठेवावी, म्हणजे ती कुठल्याही विंडोज संगणकाला लावली की उघडते. लिनक्सच्या ईएक्सटी४ प्रकारातली तशी उघडत नाही. एक्सफॅटवर लिनक्सच्या परवानग्या टिकत नाहीत, त्यामुळे आरसिंकला 'ए' (परवानग्यांसकट सगळं जपणारा) ऐवजी 'आर' (आतले फोल्डरही घेणारा) आणि 'टी' (तारखा जपणारा) हे पर्याय द्यावेत. डिस्कवर चिठ्ठी चिकटवून डिस्कमध्ये काय आहे ते तिच्यावर मराठीत लिहावं आणि डिस्क कुठे ठेवली आहे हे घरातल्या आणखी एकाला दाखवून ठेवावं.

आपला,
एक लिनक्सप्रेमी वाचक, पुणे